गहू सोडण्यापूर्वी : ग्लुटेनमुक्त आहाराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ग्लुटेनमुक्त आहाराविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. कोणाला तो डॉक्टरांनी सांगितला आहे, कोणी तो स्वतःहून सुरू केला आहे, तर कोणाच्या घरात त्यावरून मतभेद झाले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : गव्हात असे काय आहे, की ते काही जणांना बाधते आणि बाकीच्यांना पचते? हा आहार नेमका कोणी घ्यावा?

उत्तर : गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांच्या समूहाला व्यवहारात ग्लुटेन म्हणतात. गव्हाचे पीठ पाणी घालून मळले की त्यातील ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांची लवचिक जाळी तयार होते. कणीक ताणली तरी लगेच तुटत नाही आणि पाव फुगतो, तो या जाळीमुळेच. ही प्रथिने आपल्या पाचकरसांनी पूर्णपणे तुटत नाहीत आणि त्यांचे काही लांब तुकडे तसेच लहान आतड्यात पोहोचतात. हे सर्वांच्याच बाबतीत घडते, मात्र बहुतेकांना त्याने काहीही अपाय होत नाही. त्यामुळे ‘ग्लुटेन पचत नाही, म्हणजे ते विषारी’ हा युक्तिवाद कुठे वाचनात आला असेल, तर त्याचा पहिला भाग खरा आणि दुसरा चुकीचा आहे, हे लक्षात घ्यावे.

अपाय होतो तो प्रामुख्याने सिलिअॅक आजार असलेल्यांना. हा स्वयंप्रतिरोधक आजार आहे, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनच्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भरात स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. या हल्ल्यात ते झिजून सपाट होतात आणि लोह, कॅल्शिअम, फॉलेट यांसारखे घटक शोषले जाईनासे होतात. हा आजार होण्यासाठी एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ यांपैकी एक आनुवंशिक ठेवण जवळजवळ अनिवार्य असते; पण ती ठेवण लोकसंख्येच्या ३० ते ४० टक्के लोकांत आढळते आणि आजार मात्र जगभरात सुमारे एक टक्का लोकांनाच होतो. आहार हाच यावरचा उपचार आहे, ही गोष्ट प्रस्थापित केली ती नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विल्लेम-कारेल डिके यांनी. गव्हाविषयीचा त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा होता आणि १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो रुग्ण मुलांच्या निरीक्षणांवरून सिद्ध करून दाखवला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी सर्वत्र वापरता येईल असे औषध अद्याप उपलब्ध नाही आणि उपचार तोच राहिला आहे.

सिलिअॅक आजाराखेरीज गव्हाची अॅलर्जी असलेले आणि ग्लुटेनची संवेदनशीलता असल्याचे सांगितले गेलेले, असे आणखी दोन गट आहेत. त्यांचा विचार पुढील प्रश्नांत आला आहे.

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते, शिवाय पोट फुगणे आणि सततचा थकवा होता. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तीन महिन्यांपूर्वी गहू पूर्ण बंद केला आणि आता बरेच बरे वाटते. डॉक्टर मात्र तपासणीसाठी पुन्हा गहू खायला सांगत आहेत. सुरळीत चाललेले असताना हा उपद्व्याप कशासाठी?

उत्तर : तुमची नाराजी समजण्यासारखी आहे, परंतु डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे.

लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सिलिअॅक आजारात सर्वाधिक नुकसान त्याच भागाचे होते. म्हणूनच नियमित गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग हे प्रौढांमध्ये या आजाराचे अनेकदा पहिले आणि काही वेळा एकमेव लक्षण असते. जुलाब आणि घटते वजन हे पाठ्यपुस्तकातले चित्र सर्व रुग्णांत दिसतेच असे नाही. कित्येकांना बद्धकोष्ठ असते, तर काहींचे वजन जास्तही असते. तोंडात वारंवार येणारे फोड, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे, कारण न सापडणारे वंध्यत्व किंवा वारंवार होणारे गर्भपात, यकृताच्या चाचणीत विनाकारण वाढलेली एन्झाइमे, यांच्या मुळाशीही हा आजार असू शकतो. तेव्हा तुमच्या बाबतीत संशयाला सबळ जागा आहे.

अडचण अशी, की या आजाराच्या चाचण्या ग्लुटेनला शरीर देत असलेला प्रतिसाद मोजतात. रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे ग्लुटेन बंद केल्यावर काही महिन्यांत उतरू लागतात आणि आतड्याचे अस्तरही हळूहळू भरून येते. अशा अवस्थेत चाचणी केली, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून साधारण सहा ते आठ आठवडे रोज पावाच्या दोन चकत्यांइतके ग्लुटेन खाऊन मग रक्त तपासण्याची पद्धत आहे. त्रास असह्य झाला, तर डॉक्टर हा कालावधी कमी करू शकतात, मात्र दोन आठवड्यांपेक्षा कमी काळात मिळालेल्या निष्कर्षावर विसंबता येत नाही. रक्ततपासणीबरोबर आयजीए या प्रतिपिंडांच्या प्रकाराची एकूण पातळीही मोजून घ्यावी. काही लोकांच्या शरीरात हे द्रव्यच अत्यल्प तयार होते आणि त्यांची टीटीजी चाचणी फसवी ठरते. अहवाल सकारात्मक आल्यास दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचे नमुने घेतात. अस्तराचे नुकसान सलग नसून ठिकठिकाणी असू शकते, त्यामुळे एकच नमुना पुरत नाही.

गहू पुन्हा खाण्याची तयारी मुळीच नसेल, तर आधी एचएलए, म्हणजे वर सांगितलेल्या आनुवंशिक ठेवणीची, तपासणी करून घेता येते. या तपासणीवर आहाराचा परिणाम होत नाही. ती नकारात्मक आली, तर सिलिअॅक आजार जवळजवळ निश्चितपणे बाद होतो आणि पंडुरोगाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. सकारात्मक आली, तर मात्र त्यावरून आजार आहे असे म्हणता येत नाही, फक्त शक्यता उरते.

आता ‘कशासाठी’ याविषयी. निदान झालेले नसले की पथ्य सैल होते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. बरे वाटू लागल्यावर एखाद्या समारंभात एक केक, प्रवासात एखादे बिस्किट चालवून घेतले जाते. ज्याला केवळ पोट फुगण्याचा त्रास आहे, त्याचे त्याने फारसे बिघडत नाही. सिलिअॅक असलेल्या व्यक्तीला मात्र रोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले, तरी अस्तराला इजा होऊ शकते. पावाच्या एका चकतीत साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे हे प्रमाण त्या चकतीच्या चाळिसाव्या भागाइतके, ताटलीत उरलेल्या चुऱ्याएवढे आहे. इतके काटेकोर पथ्य जन्मभर पाळायचे की नाही, हे अंदाजावर ठरवू नये. शिवाय निदान झाल्यास हाडांची घनता, ड आणि ब१२ जीवनसत्त्वे व थायरॉइड यांची तपासणी पुढे नियमित होते आणि तुमच्या भावंडांना व मुलांनाही वेळेवर तपासता येते. बरे वाटणे हा यातला एक भाग झाला. तुमचे हिमोग्लोबिन वाढले आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ते अवश्य तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. नेहमीच्या तपासणीत तिला सिलिअॅक आजारही असल्याचे निष्पन्न झाले, पण तिला पोटाचा कसलाही त्रास नाही. तरीही पथ्य पाळायचे का? आणि घरातील सर्वांनीच गहू सोडावा का?

उत्तर : निदान पक्के असेल, तर पथ्य पाळावे. तक्रार नसली तरी आतड्याचे नुकसान चालूच असते आणि वाढत्या वयात त्याचा परिणाम उंची व हाडांवर होतो. टाइप १ मधुमेह आणि सिलिअॅक यांची आनुवंशिक पार्श्वभूमी बरीचशी सामाईक असल्याने मधुमेही मुलांची ही तपासणी मुद्दाम केली जाते. ती डाउन सिंड्रोम आणि टर्नर सिंड्रोम असलेल्यांचीही केली जाते. मुलांमध्ये टीटीजीची पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातील ईएमए ही प्रतिपिंडांची आणखी एक चाचणीही सकारात्मक असेल, तर दुर्बिणीच्या तपासणीशिवाय निदान करता येते, अशी युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. तुमच्या मुलीचे निदान कोणत्या आधारे केले आहे, हे डॉक्टरांना विचारून नोंदवून ठेवा.

तिच्या बाबतीत एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ग्लुटेनमुक्त पाव, बिस्किटे आणि तत्सम तयार पदार्थ बहुधा तांदूळ, मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून केलेले असतात. त्यांत तंतुमय भाग कमी असतो आणि साखर व चरबी जास्त असू शकते, त्यामुळे रक्तातील साखर वेगाने वाढते. आहार बदलल्यानंतरचे काही आठवडे साखर अधिक वेळा मोजावी लागेल आणि इन्सुलिनची मात्राही बदलावी लागू शकते. आतडे सुधारू लागले की अन्न अधिक शोषले जाते, हेही मात्रा बदलण्याचे एक कारण आहे. तयार पदार्थांपेक्षा मुळातच ग्लुटेन नसलेली ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा यांसारखी धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध आणि अंडी यांवर भर दिलेला बरा.

घरातील इतरांनी गहू सोडण्याची वैद्यकीय गरज नाही. तपासणी मात्र करून घ्यावी, कारण रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास आढळतो. खरा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. गव्हाचे पीठ हवेत उडते आणि ओट्यावर, फडक्यांवर, चाळणीच्या जाळीत बसते. ते हाताने झटकून जात नाही. चाळणी, लाकडी पळी, लाटण्याची साधने आणि टोस्टर एवढ्या वस्तू मुलीसाठी वेगळ्या असाव्यात, कारण त्यांच्या भेगांतले आणि जाळीतले कण धुऊनही पूर्ण निघत नाहीत. स्टीलची किंवा काचेची भांडी साबणाने घासून वापरायला हरकत नाही. गव्हाचे पदार्थ तळलेले तेल आणि पास्ता उकळलेले पाणी तिच्या पदार्थांना वापरू नये. लोणी किंवा जॅमच्या बरणीत पावाला लागलेली सुरी पुन्हा बुडवली जाते, याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. तिचा स्वयंपाक आधी करावा आणि बाकीच्यांचा नंतर, हा सर्वांत सोपा उपाय आहे. ज्वारी-बाजरीचे पीठ गव्हानंतर त्याच यंत्रात दळलेले असेल, तर ते तिला चालणार नाही.

प्रश्न : पाव खाऊन धावायला गेलो की अंगावर गांधी उठतात, एकदा तर चक्कर येऊन पडलो. नुसता पाव खाल्ला किंवा नुसते धावलो, तर काही होत नाही. हे ग्लुटेनमुळेच ना?

उत्तर : हे सिलिअॅकचे लक्षण नाही. गव्हाच्या अॅलर्जीचा एक प्रकार केवळ व्यायामाच्या जोडीने उद्भवतो आणि त्यात बहुधा ओमेगा-५ ग्लायाडिन या प्रथिनाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे सापडतात. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांनीही अशी प्रतिक्रिया चेतवली जाऊ शकते. चक्कर येऊन पडणे ही गंभीर खूण आहे. अॅलर्जीतज्ज्ञांना लवकरात लवकर भेटा आणि तोवर गहू असलेले काहीही खाल्ल्यानंतर निदान चार तास तरी व्यायाम करू नका. तातडीच्या प्रसंगासाठी एपिनेफ्रिनचे इंजेक्शन जवळ ठेवण्याची गरज आहे का, हेही त्यांना विचारा.

अॅलर्जी असलेल्या सर्वांसाठी येथे एक सूचना द्यावीशी वाटते. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेला पदार्थ गहूमुक्त असेलच असे नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थाला हे नाव लावता येते आणि ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्चही त्यात वापरता येतो. सिलिअॅकच्या रुग्णाला तो चालतो, परंतु गव्हाची अॅलर्जी असलेल्याने घटकांची यादी वाचल्याशिवाय तो खाऊ नये. उलट जव आणि राय अॅलर्जीच्या अनेक रुग्णांना वर्ज्य नसतात. ते तपासणीनंतर ठरते.

प्रश्न : दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर खाजणारे बारीक फोड येतात. मलमांनी तात्पुरते थांबतात. त्वचारोगतज्ज्ञांनी ग्लुटेन बंद करायला सांगितले, हे आश्चर्यकारक वाटते.

उत्तर : डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस नावाचा विकार हे सिलिअॅक आजाराचेच त्वचेवरील रूप आहे. फोडाच्या शेजारच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा नमुना घेऊन त्यात आयजीएचे साठे आहेत का, हे पाहून निदान करतात. ही तपासणी झाली नसेल, तर पथ्य सुरू करण्यापूर्वी करून घ्या. डॅप्सोन या औषधाने खाज काही दिवसांत शमते, पण आतड्यावर त्याचा उपयोग होत नाही. आणि आहाराने त्वचा सुधारायला कित्येक महिने, प्रसंगी दोन वर्षेही लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून पथ्य सोडू नका. ग्लुटेनमुळे मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर परिणाम होऊन चाल अडखळू लागते, असाही एक दुर्मीळ प्रकार आहे आणि त्यात पथ्य लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते, कारण त्या भागातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

प्रश्न : माझ्या रक्ततपासणीत आणि दुर्बिणीच्या तपासणीत काहीही निघाले नाही, गव्हाची अॅलर्जीही नाही. तरी पाव किंवा पास्ता खाल्ला की पोट दगडासारखे होते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

उत्तर : घरच्यांनी असे म्हणू नये. त्रास खरा आहे, त्याचे कारण ग्लुटेनच आहे का, हा प्रश्न वेगळा.

सिलिअॅक आणि अॅलर्जी दोन्ही नसताना गव्हाने त्रास होणाऱ्यांना ‘ग्लुटेनची संवेदनशीलता’ आहे असे म्हटले जाते. ती दाखवणारी कोणतीही रक्तचाचणी नाही. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची कर्बोदकेही असतात. ती माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. नॉर्वेत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना काही दिवस ग्लुटेन, काही दिवस फ्रुक्टान आणि काही दिवस यांपैकी काहीच नसलेले खाद्य त्यांच्या नकळत देण्यात आले. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानच्या दिवसांत झाला. ग्लुटेनच्या आणि रिकाम्या खाद्याच्या दिवसांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून तुम्ही कांदा, लसूण आणि कडधान्ये खाल्ल्यावर काय होते, याची दोन-तीन आठवडे नोंद ठेवा. त्यांनीही पोट फुगत असेल, तर संशय फ्रुक्टानवर अधिक जातो आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशी कर्बोदके काही आठवडे कमी करून नंतर एकेक परत आणण्याची पद्धत उपयोगी पडते. तुमच्यासाठी प्रश्न प्रमाणाचा आहे, त्यामुळे सॉसमधील गव्हाच्या अंशाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : वजन कमी व्हावे, हृदय निरोगी राहावे आणि थायरॉइडला आराम पडावा, या हेतूने आम्ही पतीपत्नींनी ग्लुटेन सोडण्याचे ठरवले आहे. लाभ होईल का?

उत्तर : या तीन हेतूंनी सोडण्याची शिफारस करता येत नाही. गहू बंद केल्यावर वजन उतरते, ते बहुधा बिस्किटे, केक आणि तळलेले पदार्थ आपोआप बंद होतात म्हणून. त्यांच्या जागी ग्लुटेनमुक्त बिस्किटे आली की तो लाभही जातो आणि खर्च तेवढा वाढतो. हृदयाच्या बाबतीत, अमेरिकेतील एक लाखाहून अधिक आरोग्यव्यावसायिकांच्या सुमारे पाव शतकाच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ग्लुटेन कमी खाणे आणि हृदयविकार कमी होणे यांचा संबंध आढळला नाही; अख्खी धान्ये टाळल्याने उलट तोटा होण्याची शक्यता अभ्यासकांनी नोंदवली. थायरॉइडच्या स्वयंप्रतिरोधक विकारात सिलिअॅकचे प्रमाण काहीसे जास्त असते, म्हणून रक्ततपासणी करणे रास्त आहे. ती नकारात्मक असेल, तर आहाराने थायरॉइड सुधारते असे म्हणायला पुरेसा आधार नाही. मुलांच्या स्वमग्नतेसाठी हा आहार सुचवला जातो, त्यालाही ठोस पुरावा नाही.

प्रश्न : खपली गहू, आंबवलेल्या पिठाचा पाव आणि ओट्स सिलिअॅकमध्ये चालतात का?

उत्तर : खपली, स्पेल्ट, ड्युरम हे सारे गव्हाचेच प्रकार आहेत आणि सर्वांत ग्लुटेन आहे, रवा, मैदा आणि दलिया यांचेही तेच. पीठ आंबवल्याने ग्लुटेन काहीसे तुटते, पण सुरक्षित मर्यादेपर्यंत उतरत नाही. ग्लुटेन पचवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही भिस्त ठेवू नये. ओट्सचे प्रथिन वेगळे आहे आणि बहुतेक रुग्णांना ते सोसते. अडचण आहे ती शेतात आणि कारखान्यात त्यांत मिसळणाऱ्या गव्हाची व जवाची. म्हणून ग्लुटेनमुक्त असल्याचे प्रमाणित केलेले ओट्सच घ्यावेत आणि तेही पथ्य सुरू करून प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून. थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही बाधतात. जवापासून केलेले माल्ट पेयांत, चॉकलेटांत आणि नाश्त्याच्या तयार पदार्थांत असते, आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

प्रश्न : मला सिलिअॅक आजार आहे आणि आता मी गरोदर आहे. बाळाला गहू उशिरा दिला, तर त्याला आजार टळेल का?

उत्तर : पूर्वी तसे मानले जात असे. धोका असलेल्या कुटुंबांतील बाळांवर केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१४ साली आले. गहू लवकर किंवा उशिरा सुरू केल्याने आजार होण्याची एकंदर शक्यता बदलत नाही, असे त्यांत दिसले. स्तनपान अन्य अनेक कारणांसाठी हितावह आहे, परंतु त्यानेही हा आजार टळतो असे दिसलेले नाही. त्यामुळे चार महिने पूर्ण झाल्यानंतर ते वर्षाच्या आत, वरचे अन्न सुरू करण्याच्या नेहमीच्या क्रमात, सुरुवातीला थोड्या प्रमाणात गहू देता येईल. तुम्ही स्वतः पथ्य मोडू नका आणि लोह, फॉलेट व ड जीवनसत्त्वाची तपासणी या काळात करून घ्या. बाळ गहू नियमित खाऊ लागले आणि दोन-तीन वर्षांचे झाले, की तक्रार असो वा नसो, त्याची रक्ततपासणी करावी. त्यापूर्वी वजन वाढेनासे झाले, पोट पुढे आले किंवा जुलाब लांबले, तर तेवढे दिवस थांबू नये, आणि तपासणी होईपर्यंत त्याचा गहूही बंद करू नये.